मोडीत घालण्याआधी

दिवाळीच्या आधी माळा उतरवला की बहुतेक घरांत एकच संवाद होतो. ‘हे काय करायचं? वापरात तर नाही.’ ‘देऊन टाक मोडीत.’ आणि मग हंडा, घंगाळ, कान तुटलेली तपेली, काळाठिक्कर पडलेला बंब असं सगळं अंगणात येतं, ताणकाट्याला लटकतं आणि किलोच्या भावानं निघून जातं. साठ-सत्तरच्या दशकात स्टील घरोघर आलं तेव्हा आपल्या आया-सासवांनीही हेच केलं. पितळेचा हंडा देऊन स्टीलचे डबे घेतले. त्यांना मी कधी नावं ठेवत नाही. पितळेला कल्हई लावून आणायची, चिंचेनं घासायचं, भरलेला हंडा उचलायचा, हे सगळं त्यांच्याच मनगटावर होतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्या पुरुषांनी त्यातली एकही कळशी घासलेली नसते!

पण आज परिस्थिती वेगळी आहे. आज ती भांडी आपल्याला घासायची नाहीत, फक्त त्यांचं काय करायचं ते ठरवायचंय. मी इतिहास शिकवला, वडिलांना नाण्यांचा नाद होता, त्यामुळे ओळखीपाळखीच्या बायका मला हमखास विचारतात, ‘अगं, याचे किती येतील?’ मी उलट विचारते, ‘ते काय आहे ते बघितलंस का?’ कारण आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंचे सरळ दोन ढीग होतात. एक ढीग वजनावर जाण्याच्या लायकीचा असतो आणि तो तसा गेला तर काही बिघडत नाही. दुसऱ्या ढिगातल्या वस्तूचं मोल वजनात नसतंच. पंचाईत एवढीच, की दोन्ही ढीग अंगणात एकाच पोत्यात पडलेले असतात.

२०१९ साली माझ्या मावशीचा सातारा जिल्ह्यातला वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. मावसभावांनी भंगारवाल्याला शनिवारी दुपारचा चार वाजताचा वायदा केला होता. पितळेला किलोला ३०० रुपये, तांब्याला थोडे जास्त, ‘लाकूड आणि बाकीचं असंच घेऊन जातो’ असा सौदा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी ओट्यावर बसून म्हणत होती, ‘नेऊ दे गं, नुसता पत्रा आहे.’ मी सकाळीच पोचले होते. हातात सहा-सात तास. तेवढ्यात काय काय बघता येतं, ते सांगते.

पहिलं म्हणजे धातू. तांबं लालसर, ते सगळ्यांना कळतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. कांशाची वाटी बोटानं टिचकी मारली की घंटेसारखी नाद धरून ठेवते. पितळेचा आवाज लगेच बसतो. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जपून ठेवलेल्या ताटात मात्र चांदी गुंजभरही नसते; तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चहाच्या जुन्या किटलीच्या बुडाशी ‘ई.पी.एन.एस.’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर वर चांदीचा फक्त मुलामा आहे असं समजावं. घरात एक लोहचुंबक ठेवा. पितळेचा रंग दिलेली लोखंडी मूर्ती त्याला ताबडतोब चिकटते. मावशीकडचा ‘पितळी’ हत्ती असाच चिकटला. तो कुठल्याशा जत्रेतून आलेला निघाला.

भांडं ठोक्याचं आहे म्हणजे जुनं आहे, असं मात्र समजू नका. पुण्याच्या तांबट आळीत आजही हातोडीनं ठोकून भांडी घडतात. ठोक्यावरून हातकाम कळतं, वय नाही. वय बघायचं तर झीज बघायची. बूड, कान, कड, म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला, जमिनीवर घासलं गेलं, तिथे भांडं पातळ आणि गुळगुळीत होतं. खाचेत मात्र मळ-हिरवटपणा राहतो. नव्याला जुनं दाखवण्यासाठी रसायन लावलेलं असलं, तर तो हिरवेपणा वर-खाली सगळीकडे सारखाच. जुन्या तांब्याच्या हंड्यावर पुष्कळदा दातेरी सांधा दिसतो, पत्र्याचे दात एकमेकांत बसवून जोडलेला. तो दिसला की मी भांडं बाजूला काढते. समई असेल तर तिचे भाग सुटे करून पाहावेत. खालची बैठक एका समईची आणि वरचा मोर दुसरीचा, असे जोडसंसार बाजारात खूप असतात.

आणि घासू नका. निदान कुणी जाणकारानं पाहीपर्यंत तरी. रोजच्या वापरातला तांब्या खुशाल चकचकीत करा, पण देवघरातली झिजलेली मूर्ती, टाक, नाणी यांना चिंच-मीठ, पावडर किंवा पॉलिशचं मशीन लावलं की वरचा जुना थर जातो आणि किंमतही त्याच्याबरोबर जाते.

आता मी भांडं हातात घेतलं की सगळ्यात आधी काय बघते, तर त्यावरचं नाव. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं तुमच्याही घरात असतील. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी तारीख. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. (विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. गुजराथकडून आलेल्या वस्तूंवर ते दिसतं.) मावशीच्या माळ्यावर तांब्याचं एक घंगाळ होतं, एका बाजूनं चेपलेलं. भंगारवाल्याच्या हिशेबानं पाच किलो. कडेखाली काजळी होती, ती ओल्या फडक्यानं हलकेच टिपली तर अक्षरं उमटली : ‘चि. यमू हीस माहेरची भेट, शके १८४७.’ म्हणजे १९२५.

‘यमू कोण?’ मी विचारलं. मावशीला सांगता येईना. भावांनाही नाही. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, भिंतीवरच्या फोटोखाली सगळीकडे मावशीच्या सासूबाईंचं नाव पार्वतीबाई. मावशी लग्न होऊन आली १९६२ साली, सासूबाई गेल्या १९८४ला. बावीस वर्षं दोघी एका चुलीपाशी होत्या. मग मावशी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘त्यांचा भाऊ यायचा ना भाऊबीजेला, तो ‘यमे’ म्हणायचा. मला वाटायचं, चेष्टेनं म्हणतो.’

लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव कुठल्याच कागदावर उरायचं नाही. तेव्हाच्या मुलींचा ना शाळेचा दाखला, ना जन्माची नोंद हाताशी. बापानं कोरून दिलेल्या भांड्यावर मात्र ते राहिलं. बाजारात याचा हिशेब उलटा आहे बरं का! नाव कोरलेलं भांडं पुष्कळ व्यापारी कमी भावात मागतात, आणि विकत घेतल्यावर पहिली गोष्ट करतात ती नाव घासून काढण्याची, कारण मुंबईच्या दिवाणखान्यात कुंडी म्हणून ठेवायला दुसऱ्याच्या आजीचं नाव कुणाला नको असतं. म्हणून विकायचंच असेल तर विका, पण आधी त्या नावाचा फोटो काढा आणि वहीत उतरवून ठेवा. ते घंगाळ आम्ही ढिगातून काढलं. भावानं कुरकुर केली, ‘एवढं मोठं ठेवणार कुठे?’ मावशी म्हणाली, ‘माझ्या खोलीत.’ पुढे कुणी बोललं नाही.

स्वयंपाकघरातल्या मापांवर असंच वय लिहिलेलं असतं. शेर, पायली, चिपटं, मापटं यांवर सरकारी शिक्के असतात. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२मध्ये सक्तीची झाली. म्हणजे शेराचं शिक्केवालं माप त्याच्या आधीचं धरायला हरकत नाही. कपबश्या आणि चिनी मातीची भांडी उलटी करून वाचा. ‘ऑक्युपाईड जपान’ असं असेल तर ते युद्ध संपल्यापासून १९५२पर्यंतच्या काळातलं, अमेरिकेचा अंमल होता तेव्हाचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा देशच १९१८ ते १९९२ एवढा होता. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. बुडावर नुसत्या देशाच्या नावानं केवढं काम होतं पाहा. कंदिलाची काच आणि टाकीही बघा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६मध्ये ओगल्यांचा काचकारखाना निघाला, त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्या कितीतरी घरांत जळला. कारखाना बंद होऊन जमाना झाला. त्याच्या नावाचा शाबूत कंदील असेल तर तो पत्र्याच्या भावानं देऊ नका.

आता भिंतीवरच्या तसबिरी. मावशीकडे सरस्वती होती, राजा रविवर्म्याची. ‘हे खरं आहे का गं?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. हातानं रंगवलेलं मूळ चित्र आपल्यासारख्यांच्या घरी असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण छापील चित्रांतही फरक असतो. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मा १९०६ साली वारले तरी छपाई चालूच राहिली. १९७२च्या आगीत छापखाना जळाला. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव, ‘कार्ला-लोणावळा’ असं बारीक इंग्रजीत आहे का बघा. मग भिंग घ्या. दगडी छपाईत ठिपके हातानं टाकल्यासारखे लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते शिस्तीत ओळीनं, फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. एवढ्या एका परीक्षेनं नवी नक्कल ओळखता येते.

मावशीच्या सरस्वतीला साडीच्या जागी खरं कापड, काठाला जरी आणि गळ्यात मणी चिकटवलेले होते. त्या काळी घरच्या बायका फावल्या दुपारी असं काम करत. ‘खराब केलंय चित्र’ म्हणून ते उपटायला जाऊ नका. अशा सजवलेल्या चित्रांना हौशी संग्राहक मुद्दाम शोधत येतात. फ्रेमही उघडू नका. मागे लावलेलं वर्तमानपत्र वाचता येत असेल तर त्यावरची तारीख टिपून घ्या, फ्रेम कधी बांधली त्याचा अंदाज येतो.

त्याच दुपारी भावानं बोलावलेला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. अगदी गोड बोलणारा. त्यानं बंबाचं खूप कौतुक केलं, अडकित्ते हातात घेऊन पाहिले, बंबाला चांगला भाव बोलला आणि जाता जाता म्हणाला, ‘ती फ्रेम देऊन टाका वरती, लाकूड बरं आहे. चित्राचं काय, वाळवी लागलीये.’ मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. जी वस्तू ‘वरती’ मागितली जाते, तिच्यासाठीच माणूस आलेला असतो. मी म्हटलं, ‘चित्र काढून फ्रेम देऊ का?’ तर त्याला फ्रेम नको झाली.

अडकित्त्यांविषयी थोडं. घोड्याचे, पोपटाचे, राजा-राणीचे अडकित्ते तुमच्याकडे असतील तर एकदा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली, गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फणीकरंडे, तांब्या-भांडी जमवली, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आणि १९७५मध्ये वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह सरकारला दिला. तिथे काचेच्या कपाटात ठेवलेलं पाहिलं की आपल्या मांडणीवरच्या वस्तूकडे बघण्याची नजर बदलते. कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथले दोन तास जास्त शिकवतात, असं माझं मत आहे.

नाण्यांबाबत मात्र डोकं थंड ठेवा. राणीछाप रुपया घरोघर आहे. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. आजी ‘रुपयाभार’ म्हणायची ते यावरूनच. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, तेव्हा चांदीचा भाव ही त्याची सगळ्यात खालची किंमत. त्याखाली कुणी मागितला तर देऊ नका. पण ‘१८६२’ साल पाहून हुरळूही नका. तेच साल घालून १८७४पर्यंत रुपये पाडले गेले. ‘क्वीन’ लिहिलेले आधीचे, ‘एम्प्रेस’ लिहिलेले १८७७पासूनचे. १९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले. तो असेल तर जपा. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७चा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटणारा. शिवराई मिळाली म्हणजे ती महाराजांच्याच काळातली असं नाही. ती पेशवाईतही पाडली जात होती, दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ तर नंतरचीच. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांची पुस्तकं आणि कार्यशाळा यांचा मला फार उपयोग झाला.

राम-सीता किंवा मारुती आणि मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेलं नाणं कुणी लाखाला विकायला आणलं तर दारातूनच परत पाठवा. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ‘तांदूळ ओढणारा तांब्याचा गडू’ हीसुद्धा शुद्ध फसवणूक. त्यात चांगल्या शिकलेल्या लोकांनी जमिनी घालवल्या आहेत. आणि मोबाइलवर ‘तुमच्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेचे दहा लाख देतो, आधी नोंदणीची फी भरा’ असं आलं तर समजून जा. रिझर्व्ह बँकेनं २०२१च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय, की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असली फी मागत नाही.

मग किंमत ठरवायची कशी? इंटरनेटवर बघायचं तर ‘मागितलेली’ किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतो. दुकानात जो भाव दिसतो त्याच्या निम्मादेखील पुष्कळदा आपल्या हातात येत नाही. त्याला जागेचं भाडं आहे, माल वर्ष-वर्ष पडून राहतो, हेही खरं. निदान तिघांना दाखवा, वेगवेगळ्या दिवशी. वाण्याच्या काट्यावर आधी स्वतः वजन करून घ्या. जोडीची वस्तू जोडीनंच विका. जुन्या पैठणीची जरी जाळून चांदी काढणाऱ्याला ती देऊ नका. पदर मागून-पुढून सारखाच दिसत असेल, तर ती विणकाम म्हणून विकली जाते, चांदी म्हणून नव्हे. आणि सोनाराकडे जुने टाक ‘बदलून’ घेताना पाठीमागची बाजू, वजन, फोटो सगळं आधी टिपा.

मुलं परदेशी आहेत अशांसाठी एक महत्त्वाचं. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, मूर्ती, नाणं ही ‘पुरावस्तू’ ठरते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सूनबाईच्या बॅगेत आजेसासूबाईंची बाळकृष्णाची मूर्ती प्रेमानं घालाल आणि विमानतळावर ती अडकेल. वस्तू तितकी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेता येतो. दगडाच्या, धातूच्या जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणीही करावी लागते. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो बघायला मागा. लाजू नका.

वाड्याचं पाडकाम किंवा पाया खणताना काही सापडलं, तर ते आपलं नसतं, हेही ध्यानात असू द्या. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

चार वाजता टेम्पो आला. सुमारे दोनशे किलो पितळ-तांबं गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. फुटके हंडे, निम्मे बंब, कडी नसलेली झाकणं ठेवून करायचं काय? मागे राहिलं ते घंगाळ, सरस्वती, नऊ अडकित्ते, दोन मापं, एक लामणदिवा, आणि टेम्पोवाल्यानं ‘रद्दी’ म्हणून वेगळं काढलेलं लाल फडक्यातलं गाठोडं. त्यात मोडी कागद होते. हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं आणि त्याला ऐतिहासिक मोल असलं की तेही कायद्यानं पुरावस्तू ठरतं. अशा रुमालांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून, कोरड्या जागी ठेवून, मोडी वाचणारा माणूस गाठायचा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून हे काम करतंय. मावशीच्या गाठोड्यातले बहुतेक कागद सारा भरल्याच्या पावत्या आणि उसनवारीच्या चिठ्ठ्या निघाले. एक मात्र लग्नाच्या देण्याघेण्याची यादी होती. मोडी वाचणाऱ्या बाईंनी ती मोठ्यानं वाचली. हंडे दोन, परात एक, समया दोन, पाट चार. पाचव्या ओळीत, ‘यमूस घंगाळ तांब्याचे, वजन शेर सहा.’